शाकाहारी गिटार

मी गिटार वाजवतो हे रिसोडमध्ये कोणालाही ठाऊक नव्हतं, आणि याचं सगळं श्रेय माझ्या गिटारीला होतं. ती विजेवर चालणारी. विजेवरच्या गिटारीचं पोट भरीव असतं. नुसती छेडली तर मच्छरदाणीत अडकलेल्या डासाएवढा आवाज येतो. तिची वायर एका डबीत खोचायची, डबीला हेडफोन जोडायचा, हेडफोन कानांना लावायचा, की मग जे काही घडायचं ते वाजवणाऱ्याच्या दोन कानांच्या मधल्या जागेत घडतं. जगाला वाजवणाऱ्याचा त्रास नाही, वाजवणाऱ्याला जगाचा नाही. लाजाळू माणसासाठी याहून सोयीचं वाद्य असेल तर मला माहीत नाही. मनातल्या मनात वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याला मनातल्या मनात वाजवणं फारसं जड जात नाही.

गिटार मुळात पारसची, म्हणजे माझ्या मुलाची. इंजिनिअरिंगला असताना त्यानं ती घेतली आणि नोकरीसाठी पुण्याला जाताना कपाटावर ठेवून गेला. मी ती धूळ पुसायला म्हणून खाली काढली. त्यानंतर काही वर्षं मी धूळच पुसत होतो, असं म्हणायला हरकत नाही. निदान घरात तरी तसंच समजलं जायचं. एकदा माझ्या साळ्यानं विचारलं, "दाजी कोठी हायेत?" तर हीराबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिटार पुसून राह्यले."

हीराबाई ही माझी पत्नी. गाणारी ती. आमच्या मंदिरात संध्याकाळच्या आरतीनंतर भजन म्हणावं तर तिनंच, असं मी नव्हे, गावातले इतर लोक म्हणत. साथीला सावळकर मास्तरांची पेटी. मास्तर डोळे मिटून वाजवत आणि हीराबाई डोळे मिटून गाई, आणि कोणी कोणाकडे न पाहता दोघं एकाच जागी पोचत. पण मास्तर थकले, त्यांच्या मुलानं त्यांना पेटीसकट नागपूरला नेलं, आणि मंदिरातल्या मंडळींनी हीराबाईला मोबाईलवरच्या तयार साथीवर गायला बसवलं. ती एकदाच तशी गायली. एका जागी तिनं सूर लांबवला, साथ पुढे निघून गेली, आणि तिचं भजन संपलं तेव्हा मोबाईल दुसऱ्याच भजनाला लागलेला होता. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "त्याले थांबता येत नाही."

त्यानंतर तिनं गाणं सोडलं. मंदिरात सोडलं, हे लगेच कळलं. घरातही सोडलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण माझ्या कानांना हेडफोन असे.

आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व जवळ आलं तसे सन्मतीभाऊ घरी आले. सन्मतीभाऊ मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष. खतं-बियाण्यांचं दुकान चालवतात आणि प्रत्येक गोष्ट ठरावानं करतात. त्यांच्या घरी चहात साखर किती, याचाही ठराव झालेला असावा, असा मला संशय आहे.

"हीराताई," ते म्हणाले, "औंदा दहा दिवसांपैकी निदान पहिल्या दिवशी तरी तुमचं भजन ठेवतो."

"साथीले कोन हाये?"

"मोबाईल हाये ना."

"मंग त्यालेच म्हना म्हनाले."

सन्मतीभाऊंनी कप खाली ठेवला. हीराबाईनं पदराला हात पुसले. बोलणं संपल्यात जमा होतं. आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, "मी वाजवतो की."

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत चौथं कोणी नव्हतं.

हीराबाई माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पाहिल्याचं आठवत नाही. "तुमी वाजवसान?" ती म्हणाली. "कोनासमोर?"

हा प्रश्न अवघड होता. सुदैवानं सन्मतीभाऊंना त्याहून अवघड गोष्ट सुचली. "म्हंजे थे करंटवालं? थे नाही चालत, अजितभाऊ. ठराव हाये."

ठराव खरोखरच होता. मागल्या वर्षी कोणीतरी पूजेत कीबोर्ड आणला, त्याचं एक बटन अडकलं, आणि भगवंताच्या अभिषेकाला वरातीचा ठेका सुरू झाला. प्लग काढूनही थांबेना, कारण आत सेल होते. तेव्हापासून मंदिरात प्लगचं वाद्य वर्ज्य. मला मनातून किती बरं वाटलं, ते सांगण्यासारखं नाही. ठरावापुढे माणूस काय करणार? मी चेहरा पडल्यासारखा करून बसलो.

पण संध्याकाळच्या स्वयंपाकाची कणीक मळताना हीराबाई गुणगुणली. अगदी हळू. मी नेमका पाणी प्यायला गेलो होतो. मला पाहून ती थांबली, आणि मी पाणी न पिताच परत आलो. आता सुटका नाही, हे मला तेव्हा कळलं. मी मागे सरलो तर ती तोंडानं काही म्हणणार नव्हती. काहीच म्हणणार नव्हती, भजनसुद्धा. आणि यापुढे कधीच.

तेव्हा बिनविजेची गिटार घेणं आलं. पोकळ पोटाची, पोलादी तारांची. इंग्रजीत तिला अकॉस्टिक म्हणतात.

कोणतीही गोष्ट घेण्यापूर्वी तिच्याविषयी वाचणं, ही माझी जुनी खोड. आमचं कापडाचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो, आणि बरं बघतो. मी गल्ल्यावर असताना पुस्तक मांडीखाली असायचं, आणि गिऱ्हाईक आलं की मला थोडा राग यायचा. भाव करणं मला कधी जमलं नाही. गिऱ्हाईकानं "काही कमी करा" म्हटलं की मी लगेच करत असे, आणि कधी कधी त्यानं म्हणायच्या आधीच. रिसोडच्या बाजारात या जैनाच्या दुकानात कोणी फसलंच तर दुकानदारच फसतो, असं लोक म्हणत.

तर मी वाचलं. विजेवरून बिनविजेच्या गिटारीवर येणाऱ्यानं काय काय पाहावं, यावर इंग्रजीत इतका मजकूर आहे, की तो वाचून झाल्यावर माणसाला गिटार घ्यायचं वय उरू नये. तारा जाड असतात, बोटं सोलतात. तारा आणि दांडी यांच्यातलं अंतर कमी असावं, पण फार कमी नसावं. पोट मोठं असेल तर आवाज भरदार येतो, पण आखूड हाताच्या माणसाची बगल अवघडते. वरची फळी अखंड लाकडाची असावी, ती परवडत नसेल तर थरांचं लाकूड चालवून घ्यावं आणि मन मोठं ठेवावं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दांडीच्या टोकाला आणि खाली पोटावर, जिथे तारा टेकतात, त्या दोन पट्ट्या, म्हणजे नट आणि सॅडल, प्लास्टिकच्या नसाव्यात. त्या 'बोन'च्या असाव्यात. यावर सगळ्यांचं एकमत होतं. स्वस्त गिटारीतही बोनच्या पट्ट्या असतील तर ती महागड्या गिटारीच्या पंगतीला बसते, असं एका लेखकानं ठासून सांगितलं होतं. मी त्याखाली मनातल्या मनात रेघ मारली.

पारसला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, एवढं वाचू नका. दुकानात जा, दहाएक वाजवून पाहा, जी आवडेल ती घ्या."

दुकानात जाऊन वाजवून पाहा. पोटच्या पोरानं बापाची किती कमी ओळख ठेवावी.

शेजारी उदयसिंग राहतात. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मूळचे किन्हीराजाचे, आणि शेलूबाजार ते रिसोड या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना बापाच्या नावानिशी ओळखतो. त्यांना माझ्या अंगणातली कोणतीही अडचण आपली वाटते.

"वाशिमले बदरुद्दीनचं दुकान हाये," ते म्हणाले. "बँडवाल्यांचं सारं सामान त्याच्यापाशीच असते. मी येतो संग. तुमी एकटे गेले तं तो तुमाले ढोल इकीन."

हे मला पटलं.

"अन् एक ध्यानात ठेवा, अजितभाऊ. गाडी घेताना रिकामी नाही पाह्यची, पुरा लोड टाकून पाह्यची. गिटारचं बी तसंच. दुकानात जोरानं वाजवा, चार लोक जमले पायजेत."

मी रात्रभर नीट झोपलो नाही.

बदरुद्दीन म्हणजे पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि आवाज असा की त्याला स्वतःला कोणत्याही वाद्याची गरज भासू नये. दुकानात वरपासून खालपर्यंत ढोल, ताशे, ट्रम्पेट. एका भिंतीवर गिटारी टांगलेल्या. बाकावर एका बँड पार्टीचे तीन-चार लोक दुरुस्तीची वाट पाहत बसलेले.

"आइये सेठजी. नातवासाठी पायजे काय?"

"हो," मी म्हणालो.

उदयसिंगांनी लगेच खुलासा केला. "नातू कायचा, यायलेच पायजे. मंदिरात वाजवनार हायेत."

बँडवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. व्यावसायिक माणसं स्पर्धकाकडे पाहतात तसं नव्हे. आजाऱ्याकडे पाहतात तसं.

बदरुद्दीननं एक गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिचं पोट एवढं मोठं होतं की तिच्यापलीकडे माझा उजवा हात नुसता लोंबकळत होता. "बजाओ," तो म्हणाला. दुकान शांत झालं. रस्त्यावरची एक म्हैसही थांबल्यासारखी वाटली. मी तारांवर बोट ठेवलं, उचललं, आणि विचारलं, "यापेक्षा लहान नाही का?"

त्यानं लहान दिली. मी विचारलं, "याहून हलकी?" त्यानं हलकी दिली. असं करत करत माझ्यासमोर सात-आठ गिटारींची रांग लागली आणि त्यांतल्या एकीतूनही आवाज निघालेला नव्हता. शेवटी बदरुद्दीन समजूतदार आवाजात म्हणाला, "सेठजी, अंदर गोदाम हाये. तिकडे जाऊन पाहा. शरम की कोई बात नाय."

गोदामात ढोलांच्या चळतीमागे बसून मी पहिल्यांदा पोलादी तारा छेडल्या. आणि दचकलो. तो आवाज कानात नव्हता, खोलीत होता. मी केलेला आवाज माझ्यापासून सुटून भिंतीकडे गेला, भिंतीवरून परत आला, आणि जाता जाता त्यानं भोवतालचे सगळे ढोलही हलकेच घुमवले. विजेवरच्या गिटारीला आवाज शून्यावर नेण्याचं बटन असतं. मी सवयीनं ते शोधलं. पोकळ पोटाच्या गिटारीला असलं बटन नसतं. पुस्तकांनी बोटं सोलण्याबद्दल पानंच्या पानं लिहिली होती, याबद्दल एक ओळ नव्हती.

बाहेरून उदयसिंग ओरडले, "इथवर ऐकू येऊन राह्यलं बरं, अजितभाऊ. चांगलं हाये."

मी बाहेर आलो तेव्हा माझी अब्रू मला स्वतःलाच सांभाळायची होती. अशा वेळी वाचलेलं कामाला येतं. मी चष्मा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यातल्या कोणत्या गिटारीला नट आणि सॅडल बोनचे आहेत?"

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. बँडवाले सरळ बसले. बदरुद्दीनच्या नजरेत माझ्याविषयी आदर आला. "वा सेठजी. जानकार आदमी हो तुमी." त्यानं मधल्या आकाराची एक गिटार पुढे केली. "हिले ओरिजिनल बोन हाये. मी सोता बसवलं. प्लास्टिकचं नाव नाय."

मी पट्टीवर नख वाजवून पाहिलं, कानाजवळ नेलं, मान हलवली. भाव केला नाही. उदयसिंगांनी माझ्यासाठी केला, आणि तो झाल्यावर मी चुकून आधीची रक्कम देऊ लागलो, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

परतीच्या एसटीत गिटार आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. कंडक्टर तरुण होता. म्हणाला, राहू द्या, गर्दी नाही. उदयसिंगांना ते सहन झालं नाही. "राहू द्या कसं? सामानाचं तिकीट काढ. मी नोकरीत असताना कोंबडीचं बी काढलं." कंडक्टर नाही म्हणाला, हे हो म्हणाले, आणि शेवटी माझ्या गिटारीचं तिकीट निघालं. मला जरा मोठेपणा वाटला. मी खिडकीबाहेरची सोयाबीनची हिरवी शेतं पाहत बसलो. पहिल्या दिवशी कोणतं भजन घ्यावं, याचाही विचार करू लागलो.

"अजितभाऊ," उदयसिंग म्हणाले, "एक इचारू काय? राग नका मानू."

"विचारा की."

"तुमी जैन लोक कांदा-लसून खात नाही. चामड्याचा पट्टा मंदिराभायेर काढून ठेवता."

"हो."

"मंग थे हड्डी कशी चालते तुमाले मंदिरात?"

मी म्हणालो, "कोणती हड्डी?"

उदयसिंगांनी गिटारीच्या पट्टीवर बोट ठेवलं.

माणसाला इंग्रजी येतं म्हणजे काय येतं, यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. मी तो शब्द शंभर वेळा वाचला असेल. त्याचा अर्थ मला शाळेपासून ठाऊक. पण गिटारीच्या पुस्तकातलं हाड मला कधी हाड वाटलंच नाही. ते मला गिटारीचं एक अंग वाटलं. कोणीतरी चालणारं-फिरणारं, चारा खाणारं, त्याच्या आत ते होतं, हे पुस्तकात नव्हतं. आणि ते मी मागून घेतलं होतं. चष्मा सारखा करून, चार लोकांत. जन्मात पहिल्यांदाच दुकानात ठाम आवाजात काही मागितलं, ते हे.

मी हळूच गिटारीपासून सरकलो. बाकावर आणखी सरकायला जागा नव्हती, म्हणून उभा राहिलो. रिसोड येईपर्यंत मी उभा होतो आणि गिटार तिकीट काढून बसली होती.

ती घरात नेण्याचा प्रश्नच नव्हता. उदयसिंगांनी आपल्या ओसरीत ठेवून घेतली आणि माझ्याआधी त्यांच्याच घरून ही बातमी आमच्या स्वयंपाकघरात पोचली.

"घरात तं नाही आनली?" हीराबाईनं विचारलं.

"नाही."

"कोन्या जनावराचं होतं?"

"मी विचारलं नाही."

तिनं डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. माझ्यासाठी की त्या जनावरासाठी, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. मग ती म्हणाली, "मंग आता नाही वाजवत ना तुमी?" रागानं नाही. जशी ती दूधवाल्याला विचारते, उद्या येणार नाही ना, तेवढ्याच आवाजात. आणि ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाशिमला गेलो. उदयसिंग अर्थात सोबत होतेच, आणि गिटार त्यांनी धरली होती.

बदरुद्दीनला समजावणं सोपं गेलं नाही. "सेठजी, दुनिया प्लास्टिक काढून हड्डी लावते. तुमी पहिले आदमी हो, हड्डी काढून प्लास्टिक लावा म्हनता."

"मंदिरात न्यायची आहे."

तो थांबला. हे त्याला पटकन कळलं. "तो पहले बोलना था ना. मैं खुद नाय देता." मग त्यानं कपाळाला हात लावला. "पन या मापाचं प्लास्टिक माझ्यापाशी नाय. नागपूरहून मागवतो, पंधरा दिवस लागतील."

दशलक्षण पुढल्या आठवड्यात होतं.

मग पुन्हा भिंतीवरच्या गिटारी उतरल्या. आता निवड करायला वेळ लागला नाही, कारण निवडीचा नियम बदलला होता. चांगल्या गिटारींना बोन. एकीच्या नक्षीत शिंपला जडवलेला. एकीच्या पट्ट्याला चामडं. बदरुद्दीन एकेक हातात घेई, वास घेई, आणि बाजूला ठेवी. आता तो माझ्यापेक्षा कडक झाला होता. शेवटी तळाशी एक उरली. सर्वांत स्वस्त. थरांचं लाकूड, लहान पोट, केशरी रंग, प्लास्टिकच्या पट्ट्या, नायलॉनचा पट्टा. पुस्तकांनी जिच्यापासून दूर राहा म्हणून सांगितलं होतं, नेमकी ती.

"गोंद कोणता आहे?" मी विचारलं. आता मला सगळ्याचीच शंका येत होती.

"केमिकल, सेठजी. फॅक्टरीचा माल. हिच्यात अल्लाहच्या कोन्याच जानवरचं काही नाय. लाकूड बी नाय म्हना, भुसाच हाये."

बाकावरचे बँडवाले त्या दिवशीही होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "शाकाहारी गिटार." हे नाव आमच्या आधी रिसोडला कसं पोचलं, ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा सूर्य मावळला होता, म्हणजे रात्री न जेवण्याच्या आमच्या नियमानं मी उपाशी राहणार होतो, आणि पानवाल्यानं विचारलं, "भेटली काय शाकाहारी?"

ट्रस्टनं तपासणी केली. सन्मतीभाऊंनी गिटार टेबलावर आडवी ठेवून सगळीकडून पाहिली. पट्टा हुंगला. मग तिच्या बुडाशी त्यांना एक गोल भोक सापडलं. त्यांनी त्यात करंगळी घातली.

"हे काय हाये?"

"वायर लावायची जागा आहे. पण मी लावणार नाही."

"म्हंजे प्लगचं वाद्य हाये."

"प्लग लावला नाही तर नाही."

"जागा तं हाये ना, अजितभाऊ."

यावर चर्चा झाली. एका सभासदानं ढोलकीची आठवण काढली. तिच्यावर पूर्वी चामडं होतं, समाजानं फायबरची पानं बसवून प्रश्न सोडवला होता. म्हणजे उपाय निघतो. शेवटी भोक कायमचं बुजवावं असं ठरलं, आणि सन्मतीभाऊंच्या दुकानातल्या पाइपाची गळती बुजवायच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, ते बुजवण्यात आलं. माझी गिटार आता मंजूर झाली होती.

सराव मी दुकानाच्या मागच्या खोलीत केला. तिथे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले असतात आणि ते सगळा आवाज पिऊन टाकतात. तारांनी बोटांना फोड आले, मग ते फोड फुटले, आणि मग नवे आले. घरी मी एकदा दार लावून वाजवलं आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात हीराबाई भजन म्हणाली. मला ती ऐकू येत होती. तिच्या सुरावर मी बोटं सरकवत होतो. ती थांबली तिथे मी थांबत होतो, हे मला सहज जमत होतं. थांबण्याचा सराव मला पुष्कळ आहे. भजन संपल्यावर मी दार उघडलं.

"कसं झालं?"

"मी म्हटलं तसंच झालं," ती म्हणाली. "तुमी वाजोलं काय?"

पहिल्या दिवशी मंदिर भरलं होतं. आरती झाली, प्रवचन झालं. उदयसिंग मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सगळ्यांना जागा मिळाली की नाही, ते दोनदा उठून पाहिलं. हीराबाईच्या पुढ्यात माईक ठेवला. मी तिच्या मागे, खांबाआड, म्हणजे खांबाचा जो भाग समाजाला दिसत नाही त्या भागाशी बसलो होतो. गिटारीवरचा केशरी रंग माझ्या सदऱ्याला लागत होता.

सन्मतीभाऊंनी नाव पुकारलं. मी सुरुवातीचा सूर लावला. म्हणजे बोटांनी तारेला स्पर्श केला आणि तारेनं तो गुपित म्हणून ठेवून घेतला.

हीराबाईनं पहिली ओळ उचलली, अर्धी म्हटली, आणि थांबली.

मला वाटलं, ती विसरली. मग वाटलं, ती उठणार. मग तिनं माईकसमोरच मान वळवून खांबाकडे पाहिलं.

"मले काही ऐकू येऊन नाही राह्यलं," ती म्हणाली.

माईक चालू होता. हे सगळ्या मंदिरानं ऐकलं, आणि कर्ण्यामुळे बाहेरच्या चपलांनीही.

"वाजवतोय," मी कुजबुजलो.

"कोनासाठी?"

कोणीतरी हसलं. माझा उठण्याचा विचार पक्का झाला होता. गिटार खांबाला टेकवायची, चप्पल घालायची, घरी जायचं, हेडफोन लावायचा. घर लांब नाही.

"इतके वर्स कानाले लावून एकटेच ऐकलं तुमी," हीराबाई म्हणाली. आता ती हळू बोलत होती, पण माईकला ते कळत नव्हतं. "आमी कधी म्हटलं काय, आमाले बी ऐकवा म्हनून? आज म्हनून राह्यली. खांबाभायेर या."

मी बाहेर सरकलो. दोनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. सगळी माझी गिऱ्हाईकं, आणि त्यांतल्या बहुतेकांना मी कापड कमी भावात दिलेलं. मी डोळे मिटले आणि सहाही तारांवर हात ओढला.

तो सूर चुकीचा होता. ठरल्यापेक्षा बराच वरचा, आणि एवढा मोठा की पुढे बसलेलं एक मूल रडू लागलं. मी हात आवरायच्या आत हीराबाईनं तो सूर धरला. तिथूनच. जिथे तिला आधी जायचं नव्हतं तिथून ती गायला लागली. तिला ते वरचं पडत होतं. एक-दोन जागी आवाज चिरकलाही, पण ती खाली आली नाही, आणि मला तर खाली कसं यायचं तेच ठाऊक नव्हतं. मी वाजवत राहिलो. माझं वाजवणं भिंतीपर्यंत जाऊन परत येत होतं. येताना त्यात तिचा आवाज असे. दुसऱ्या कडव्यात मी एका जागी चुकलो, तेव्हा ती माझ्यासाठी थांबली. भजन कधी संपलं, ते मला इतर लोक हलू लागले तेव्हा कळलं.

सन्मतीभाऊ जवळ आले. चांगलं झालं, असं ते म्हणाले नाहीत. त्यासाठी बहुधा बैठक लागत असावी. त्यांनी गिटारीच्या बुडाशी बोट लावून लांबी निघाली नाही ना, ते पाहिलं, आणि मान हलवली.

घरी चालत येताना हीराबाई दोन पावलं पुढे होती. गिटार माझ्या पाठीवर होती. बोटांची टोकं लाल होऊन ठणकत होती. मी ती तोंडाजवळ नेऊन फुंकर घालत होतो.

"दुखून राह्यले काय?" तिनं विचारलं.

"हो."

"दुखू द्या," ती म्हणाली. "उद्या दोन म्हनाचे हायेत."